आमच्या आळीत उचललेला भंडारा

आबा, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात विहिरीवरच्या एका जळक्या मोटारीची तार उपसत होतो. फोन तुमच्या पोराचा, सुनीलचा. "रशीदभाई, आबा गेले," एवढंच म्हणाला आणि ठेवला. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी आला तो राग. म्हटलं, गेला हा माणूस, आता भांडायचं कुणाशी? आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, आबा. मधेच उठून जायची तुमची रीत नव्हती. माझ्या दुकानातला अर्धा कप चहा टाकून तुम्ही कधी उठला नाहीत, मग हे काय केलंत?

काल तुमचा दहावा झाला. नदीवर मांडव होता, माईक होता, खुर्च्या होत्या. तुमच्याबद्दल सगळे इतकं गोड बोलले की माझ्या तोंडाची चव गेली. आज दुकान उघडलंय, पण हाताला काम सुचत नाही. म्हणून लिहायला बसलोय. लिहितोय तुम्हालाच. बाकीच्यांना वाचायचं तर वाचू देत.

तुमचा जन्म कधीचा, सोसायटीवर किती वर्षं होतात, कुठल्या कुठल्या कमिटीत होतात, ते सुनीलनं फ्लेक्सवर छापलंय. वर दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो आहेत, तुमच्याहून मोठे. तुमचा फोटो कुठल्यातरी लग्नातला, फेटा बांधलेला. कपाळाला भंडारा लावलेला आहे. जुना फोटो आहे म्हणून आहे. अलीकडचा असता तर कपाळ मोकळं दिसलं असतं. ते का मोकळं होतं, हे त्या फ्लेक्सवाल्यांपैकी एकही सांगणार नाही. सुनील तर नाहीच नाही.

तर ते मी सांगतो. तुम्हाला आवडो न आवडो.

मांडवगणात तुमचा मळा नदीच्या बाजूला आणि माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान रस्त्याला. तुमच्याएवढी मोटार जाळणारा शेतकरी मी अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही. लाइट आली की मोटार चालू करायची आणि राजकारणावर बोलायला निघून जायचं, हा तुमचा धंदा. विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटार आपली फिरतेय. मग ती जळायची, तुम्ही ती सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचात आणि वर मलाच म्हणायचात, "रश्या, मागल्या टायमाला तार हलकी घातली हुतीस तू." मी म्हणायचो, "व्हय आबा, तार हलकी आणि तुमची जीभ जड." तुम्ही हसायचात. दुकानातल्या त्या मोडक्या खुर्चीवर बसायचात आणि मोटार खोलून होईपर्यंत देशाचा कारभार चालवायचात.

आमचे अब्बा वारले तेव्हा कबरस्तानात आमच्या माणसांच्या बरोबरीनं तुम्ही फावडं घेतलं होतं. कुणीतरी म्हणालं, आबा, तुम्ही राहू द्या. तर तुम्ही त्याला काय शिवी हासडलीत ती मय्यतीत हासडायची नव्हती, पण अब्बा ऐकत असतील तर नक्की हसले असतील. मला या रस्त्यावर गाळा मिळावा म्हणून तुम्ही ग्रामपंचायतीत ठाण मांडून बसला होतात. हे मी विसरलो नाही. विसरणार नाही. म्हणूनच तर जीव जळतो.

पक्ष म्हणजे तुमचा दुसरा देव्हारा. तसा आपला पक्ष लहान. मोजके खासदार यायचे, दिल्लीत कोण विचारत होतं? पण तुम्हाला त्याचं भारी. प्रचाराला पक्षाची गाडी यायची वाट न बघता पायी सुटायचात, पत्रकं काखेत मारून. मी तुमच्या मागं मागं. या लोकसभेलाही तसंच निघालो. पण यावेळी आमच्या आळीत हवा वेगळी होती. समोरच्या मोठ्या पक्षाच्या सभांमधून आमच्या लोकांबद्दल काय काय बोललं जात होतं, ते इथं परत लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. मोबाइलवर ते घरोघर पोचत होतं. पोरं ऐकायची, बाया ऐकायच्या. दारं उघडी असायची, पण आतली माणसं मिटलेली.

अम्मी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तुम्ही पत्रक पुढं केलंत. तिनं घेतलं, मांडीखाली ठेवलं आणि म्हणाली, "मत देऊ की आबा, न द्यायला काय झालं? पण निवडून आल्यावर तुमची मानसं तिकडंच जाऊन बसली तर? मंग आम्ही कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. "न्हाई हो भाबी, कायतरीच काय," म्हणायचं आणि पुढच्या दारात जायचं. प्रचार असाच करतात. पण तुमचा स्वभाव! तुम्ही आदल्याच दिवशी जेजुरीला जाऊन आला होतात, बंडीच्या खिशात भंडाऱ्याची पुडी होती. ती काढलीत. भर आळीत भंडारा तळहातावर घेतलात. आजूबाजूच्या दारातून माणसं बाहेर आली. तुम्ही म्हणालात, "भाबी, खंडोबाची आन हाय. आमचा पक्ष त्येंच्या पंगतीला बसायचा न्हाई. बसला, तर ह्यो आबा ह्या आळीत तोंड दाखवायचा न्हाई."

आपल्या भागात भंडारा उचलला म्हणजे विषय संपला. निवडणुकीच्या आधी मतदाराला भंडारा उचलायला लावणारे पुढारी मी पुष्कळ पाहिलेत, मत फुटू नये म्हणून. पण मतदारापुढं स्वतः भंडारा उचलणारा कार्यकर्ता मी पहिल्यांदाच पाहिला. आणि तोही कशासाठी, तर दिल्लीत कोण कुणाशी हात मिळवेल यासाठी! ज्या दिल्लीत तुमच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

बाहेर पडल्यावर मी तुम्हाला झापलं होतं, आठवतंय? म्हटलं, "आबा, हे काय करून बसलात? पक्ष काय तुमच्या मळ्यात हाय का? तुमच्या शब्दावर चालतो का त्यो?"

"इतकी वरसं घासली पक्षासाठी," तुम्ही म्हणालात, "येवढा तरी भरवसा नको व्हय मला? न्हाईतर मंग म्या काय इकत हिंडलो दारोदार?"

तुमच्या हाताला भंडारा लागला होता, तो तुम्ही धोतराला न पुसता कपाळाला लावलात.

दुसऱ्या दिवशी मला मोटरसायकल काढायला लावलीत आणि राहू गावाला घेऊन गेलात, माझ्या बहिणीच्या, शबानाच्या सासरी. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो, मतदारसंघही बदलतो. तिकडं तुमचं स्वतःचं मतसुद्धा नाही. पण तिकडचा उमेदवार आपल्याच पक्षाचा, म्हणून तुम्हाला चैन पडेना. माझा मेहुणा गुऱ्हाळावर कामाला आहे. तो आणि त्याचे भाऊबंद जमले, आणि तुम्ही तिथंही पुडी काढलीत. शबाना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, आबांना आवर. आसं कुनी बांधून घेतं का सोताला?" मी काय आवरणार! तुम्ही अख्ख्या पक्षाची जबाबदारी एकट्याच्या तळहातावर घेऊन हिंडत होतात, आणि वरच्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

मग निकाल लागला. कुणालाच बहुमत नाही. आपले दोन्हीकडचे उमेदवार आले, तुम्ही माझ्या दुकानापुढं गुलाल उधळलात, माझ्या वार्निशच्या डब्यात गुलाल पडला. त्या दिवसासारखे खूश तुम्ही मला पुन्हा दिसला नाहीत.

कारण लगेच तो आकड्यांचा खेळ सुरू झाला. टीव्हीवर सकाळपासून तेच. मोठ्या पक्षाला थोडे कमी पडतायत, अमुक इतके तिकडून आले, तमुक अजून ठरवतायत. आणि मग एकदम आपल्या पक्षाचं नाव! दिल्लीत कुणी न विचारणारा आपला पक्ष, आणि त्याच्यावाचून सरकार अडलं म्हणे. सगळी गावची पोरं फुगून गेली. "आबा, आपलं वजन वाढलं!" तुम्ही मोडक्या खुर्चीवर बसून नुसते टीव्हीकडं बघत होतात. "येऊ द्या त्येंना हातापाया पडायला," म्हणालात, "आपले न्हाई जायचे. उगा खेळवत्यात त्येंला." पहिल्या दिवशी हे तुम्ही मोठ्यानं म्हणालात. मग हळू. मग म्हणेनासेच झालात.

एक दिवस टीव्हीवर बातमी आली की चर्चा किमान समान कार्यक्रमावर आलीय. तुम्ही मला विचारलंत, "रश्या, ह्ये किमान समान म्हंजी काय रं?"

मी म्हणालो, "म्हंजी दोघांनी मिळून जेवढं पटतं तेवढंच करायचं. न पटनारं बाजूला ठिवायचं."

"आन् आपन बाजूला ठिवायच्यात मोडतो का किमानात?" तुम्ही विचारलंत. 'आपन' म्हणजे तुम्ही आणि मी, आमची आळी, शबानाचं घर. मी पान्याला तेल लावत बसलो.

शपथविधी दुकानातच बघितला आपण. आपल्या पक्षाचे साहेब कडक पांढऱ्या कपड्यात, नवा कोट घालून उभे. राज्यमंत्रिपद मिळालं होतं. हात पुढं, कागद समोर, आणि शपथ चालू. बाहेर पोरांनी फटाके लावले. तुम्ही उठला नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. शपथ पूर्ण ऐकून घेतलीत आणि म्हणालात, "त्येंनी घेतली तीबी शपथ, म्या घेतली तीबी शपथ. आता मला सांग, मोडली कुनाची?"

"पक्षानं मोडली आबा. तुम्ही नाही. तुम्ही कुठं गेलाय त्येंच्यात?"

"पक्षाच्या वतीनं तुझ्या आईम्होरं कोन हुबं हुतं? सायेब हुतं का? म्याच हुतो."

हे आपलं भांडण. इथूनच सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो तुमची मोडली नाही, तुम्ही म्हणायचात मोडली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आळीत यायचं बंद केलंत. मळ्यातून चावडीकडं यायला आमची आळी हाच सरळ रस्ता. तुम्ही कॅनॉलच्या कडेनं, काट्याकुट्यातनं लांबचा फेरा मारायला लागलात, सायकल हातात धरून. गुडघे दुखायचे तुमचे, तरी. आधी आळीतल्या लोकांना वाटलं, आबा फिरला. सत्ता आली, आता कशाला येतोय आपल्यात! मी त्यांच्याशी भांडलो. मग तुमचं मोकळं कपाळ लोकांच्या लक्षात आलं. सोमवतीला तुम्ही जेजुरीला गेला नाहीत. ईदला आमच्याकडं शीरखुर्म्याला आला नाहीत. अम्मीनं तुमची वाटी दुपारपर्यंत झाकून ठेवली. मी डबा घेऊन तुमच्याकडं आलो तर म्हणालात, "डबा घेतो. पर दारात येनार न्हाई. बोललोय मी."

अम्मीला राहवलं नाही. आळी सोडून ती कधी रस्त्याकडं येत नाही, पण एक दिवस तुम्ही दुकानात असताना चालत आली. तुम्ही उभे राहिलात, मान खाली. ती म्हणाली, "आबा, ह्ये काय पोरासारखं लावलंय? कोन तुमच्या भंडाऱ्यावर मत देत हुतं? आम्ही देनार हुतो तिथंच दिलं. दुसरं हाय कोन आमाला? पुढारी कवा शब्द पाळत्यात हे काय आमाला ठावं न्हाई? तुम्ही बोलला, आम्ही ऐकलं, सोडून दिलं. चला, घरी चला."

ती तुमचं ओझं उतरवायला आली होती, आबा. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. दुकानात बसलेले दोघंचौघंही हसले, म्हणाले, बराबर हाय भाबीचं. पण तुमचा चेहरा मी बघितला. साहेबांनी शपथ घेतली तेव्हासुद्धा तो तसा झाला नव्हता.

"म्हंजी भाबी," तुम्ही म्हणालात, "माझ्यावर ईश्वासच न्हवता कुनाचा?"

अम्मी गडबडली. तसं नाही, तसं नाही, म्हणत राहिली. तुम्ही सायकल घेतलीत आणि गेलात, कॅनॉलच्या कडेनं.

त्यानंतर तुम्ही दुकानात आलात ते भांडायलाच. मला म्हणालात, "तुम्ही मानसं माझ्यावर चिडत का न्हाई रं? म्या तुम्हाला फशिवलंय. खंडोबाची खोटी आन घेतलीय. एक जन तरी माझी गचांडी धरंल, इचारंल, का बोलला हुतास म्हनून! तर जो त्यो मला समजावतूय. तुजी आई समजावती, तू समजावतूस. म्या काय तान्हं पोर हाय का?"

"तुमच्यावर कसं चिडायचं आबा?" मी म्हणालो. "तुमच्या हातात काय होतं?"

"हातात भंडारा हुता," तुम्ही ओरडलात. "दिसला न्हाई व्हय तुला?"

मी पण चिडलो. म्हटलं, आमच्यावर काय वेळ आलीय ती आम्ही बघतोय, त्यात तुमची समजूत आम्हीच काढायची, आणि वर तुमच्यावर चिडायचंही आम्हीच? आम्हाला चिडणं परवडतं का आबा? चिडलेला मुसलमान कुणाला बघवतो? आम्ही हसून सोडून देतो कारण आम्हाला इथं राहायचंय. हे मी बोललो, आणि बोललो ते बरं केलं, कारण ते खरंच होतं. तुम्ही म्हणालात, "त्येच तर म्हन्तोय. येवढ्यावर आनून सोडलं आम्ही तुम्हाला."

मग तो मोर्चा झाला. कशावरून निघाला ते आता कुणाला नीट सांगता येणार नाही, कुठल्यातरी लांबच्या गावातल्या मोबाइलवरच्या भानगडीवरून. पण तो मुद्दाम आमच्या आळीवरून न्यायचं ठरलं. आधी अशा वेळी आपला पक्ष आडवा यायचा. तुम्ही, सोसायटीचे चारजण, मधे उभे राहायचात आणि विषय मिटायचा. यावेळी मोर्चात आपलेच झेंडे होते, त्यांच्या झेंड्यांशेजारी. आणि पुढं तुमचा सुनील. त्याला दोष किती देऊ? सणसवाडीला त्याच्या भाड्यानं दिलेल्या खोल्या, कंपन्यांना माणसं पुरवायचं काम. सत्तेवाचून त्याचं पान हलत नाही. पण दिसला तो मला, आणि माझ्याशी नजर न मिळवता गेला.

तुम्ही आळीच्या तोंडाला उभे होतात. आत नाही, तोंडाला. आत यायचं नाही असं बोलला होतात ना! तुम्ही सुनीलचा हात धरलात. "झेंडा गुंडाळ," म्हणालात, "निदान आपला तरी गुंडाळ."

सुनील हळूच म्हणाला, "आबा, युतीधर्म हाय. आता वरनं आदेश हाय." आणि तुमच्या पाया पडला. सगळ्यांपुढं पाया पडला आणि तुमच्या बाजूनं पुढं गेला. मोर्चा तुमच्या दोन्ही अंगांनी आत शिरला. लोक तुम्हाला धक्का लागू नये म्हणून जपत होते, "आबा, सरका जरा," म्हणत होते. एवढा मान! घोषणा आमच्या दारांवर आपटत होत्या आणि तुम्ही तिथं उभे. आम्ही दारं लावून आत बसलो होतो. अम्मी भिंतीला टेकून बसली होती, तसबी हातात, पण मणी सरकत नव्हते. खिडकीतून तुमची पाठ दिसत होती. त्या दिवशी आमच्या घराला काही झालं नाही, एक काचसुद्धा फुटली नाही. तरी त्या दिवसापासून माझ्या मनातून हे गाव थोडं उतरलं, ते अजून चढलेलं नाही. आणि तुम्ही त्या दिवशी वाकलात ते वाकलातच.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. दौंडच्या दवाखान्यात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुम्ही बरे दिसत होतात. मला वाटलं, येतील घरी. कॉटवर उठून बसला होतात, शेजारच्या पेशंटला राजकारण शिकवत होतात. मला म्हणालात, "मोटार झाली का?" मी म्हणालो, झाली. "तार जड घातली ना या टायमाला?" मी म्हणालो, घातली. तुम्ही माझा हात धरलात आणि बराच वेळ सोडला नाहीत. काहीतरी विचारायचं होतं तुम्हाला, किंवा मी तुम्हाला काहीतरी विचारावं असं वाटत होतं. नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी म्हटलं, येतो परवा. परवा यायची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत.

आता कालचं सांगतो.

दोन्ही पक्षांचे तालुक्याचे पुढारी आले होते. आधी ज्यांनी एकमेकांच्या सभा उधळल्या तेच, आता खांद्याला खांदा लावून बसलेले. भाषणं सुरू झाली. आपल्या पक्षाचा पुढारी माईकवर काय म्हणाला ऐकलंत का? म्हणाला, "आबा हे समन्वयाचं प्रतीक होते. दिल्लीत युती झाली तेव्हा तळागाळात ती मनापासून स्वीकारणारा पहिला कार्यकर्ता म्हणजे आबा!" लोकांनी माना हलवल्या. मांडवात निम्म्या लोकांना खरं काय ते माहीत होतं, आणि त्यांनीही माना हलवल्या. माझे कान तापले. तुम्ही कपाळ पुसून, काट्यातनं सायकल ढकलत जगलात, आणि त्यांनी तुम्हाला त्यांच्या पंगतीला नेऊन बसवलं. मेल्यावर. तुम्हाला नाही म्हणता येत नव्हतं तेव्हा.

मग पिंड ठेवला. कावळा शिवेना. पलीकडच्या बाभळीवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. तुमच्या मनात काय राहिलंय ते ओळखायला सुरुवात झाली. सुनील पुढं झाला, "आबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. तुमची मुलगी म्हणाली, "आबा, माझी काळजी करू नका." नाही. मग त्या पुढाऱ्यालाही चेव आला. "आबा, तुमच्या नावानं गावात सभागृह बांधू!" त्याच्या शेजारच्यानं भर घातली, "आमदार निधीतून!" मेलेल्या माणसालाही आश्वासनच. कावळे आपले वर.

कुणीतरी म्हणालं, "रशीद, तू बोल. तुझ्यात जीव हुता त्येंचा." मला पुढं ढकललं. मागून कुजबुज ऐकू आली, सांग त्यांना, आळीनं माफ केलं, शब्दातून सुटलात म्हणून सांग. तेही बरोबरच होतं म्हणा. मी पिंडापुढं उभा राहिलो. माफ केलं, हे शब्द तोंडात आले होते. पण तुमची ती हाक आठवली, गचांडी धरा म्हणून. आबा, आम्ही सगळ्यांनी तुम्हाला माफच केलं, पहिल्या दिवसापासून. आणि त्यानंच तुम्ही खचलात. ज्याच्या शब्दावर भरवसा असतो त्याला माणूस जाब विचारतो. तो आम्ही तुम्हाला कधी विचारला नाही.

मी ओरडलो, आबा. माझा आवाज एवढा चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. म्हणालो, "आबा, तुम्ही आम्हाला फसवलं! माझ्या आईपुढं भंडारा उचलला आणि तुमचा पक्ष जाऊन त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला! का बोलला होतात? कुणाच्या जिवावर बोलला होतात? माझी आई खोटं बोलली. विश्वास होता आमचा. आख्ख्या आळीचा होता. त्या दिवशी आम्ही निवांत झोपलो होतो, तुमच्या भंडाऱ्यावर. द्या आता जाब!"

मांडवात एकदम गलका. "आरं ए, काय बोलतूस!" कुणीतरी माझा दंड धरला. सुनील धावून आला, पण माझ्यापाशी येऊन थांबला आणि त्याचं तोंड रडवेलं झालं. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. मला खाली बसवलं, पाणी दिलं, "डोक्यावर परिनाम झालाय बिचाऱ्याच्या," असंही कुणी म्हणालं. म्हणजे परत माफच केलं मला.

कावळा आला नाही. ऊन चढलं होतं, गुरुजींना पुढं दुसरीकडं जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. लोक चपला शोधायला लागले.

मी विचारलं, आबा. उशिरा विचारलं, पण सगळ्यांपुढं, मोठ्यानं विचारलं. तुम्हाला आता उत्तर देता येत नाही. आणि ज्यांनी ते द्यायला हवं होतं, ते दोघं पुढारी तोवर एकाच गाडीत बसून पुढच्या गावच्या दहाव्याला निघून गेले होते.